तोंडओळखीची उत्तरं

पत्र

आदरणीय सर,

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात येऊन अडीच वर्षं झाली. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, तास दोनशेच्या थोडे वर. गेल्या वर्षी एका विमान कंपनीच्या को-पायलट भरतीची लेखी परीक्षा दिली. त्याआधी चार महिने प्रश्नसंच सोडवत होते. सहा हजारांच्या आसपास प्रश्न, काही तर चार-चार वेळा. घरी सराव चाचणीत ९२ टक्के पडायचे. पेपरात ६१ पडले आणि रेघ ७० ची होती. जास्त वाईट याचं वाटतं की प्रश्न ओळखीचेच होते, फक्त आकडे फिरवलेले.

आता दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय. पाच आठवडे आहेत. बाजारात एक नवा, आणखी मोठा प्रश्नसंच आलाय, तो घेऊ का? रोज किती तास आणि कुठला विषय आधी? अर्जात 'यापूर्वी कोणत्या कंपनीची निवड परीक्षा दिली आहे का' असा रकाना आहे, तिथे काय लिहू? घरी अजून सांगितलेलं नाही. 'निकाल रखडलाय' असंच सांगत आलेय. पत्राच्या मागच्या बाजूला एक गणित सोडवलंय, बरोबर आहे का तेही बघा. आणि मला अहो-जाहो करू नका, प्लीज.

– गंज चढत चाललेली एक पायलट

उत्तर

नको घेऊस. तो नवा प्रश्नसंच, म्हणतोय मी. बाकीचं सावकाश बोलू, पण पैसे भरून मोकळी होण्याआधी एवढं वाचलंस तरी पुरे.

तुझं निदान तूच करून पाठवलंयस. 'प्रश्न ओळखीचेच होते, फक्त आकडे फिरवलेले.' त्या सहा हजार प्रश्नांशी तुझी तोंडओळख आहे, घरोबा नाही. रस्त्यात भेटलेला माणूस ओळखीचा वाटतो, आपण हसतो, तोही हसतो, आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसं. घरी ९२ पडतात कारण घरी तोच माणूस त्याच कपड्यांत समोर येतो. परीक्षेत तो शर्ट बदलून आला.

मी काही वर्षं असे पेपर काढलेत, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. चुकीचे तीन पर्याय मनाला येतील तसे टाकलेले नसतात. प्रश्न तयार झाला की मी आधी उमेदवार काय काय घोटाळा करतील ते कागदावर मांडायचो. एकजण चिन्ह उलटं धरेल, दुसरा एकक बदलायला विसरेल, तिसरा एक पायरी गाळेल. त्या तिघांची जी उत्तरं येतील, तेच माझे तीन चुकीचे पर्याय. त्यामुळे 'माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर असणार' हा दिलासा कधीही घ्यायचा नाही. तुझी चूकसुद्धा तिथे छापलेली असते.

तू सहा हजारांत नक्की पाहिलेला एक प्रश्न घेऊ. विमान फ्लाइट लेव्हल ८० वर आहे (म्हणजे १०१३ वर लावलेला अल्टिमीटर, उंची दाखवणारं यंत्र, ८,००० फूट दाखवतंय), क्यूएनएच (समुद्रसपाटीवरचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) १००३, एका हेक्टोपास्कलला २७ फूट धरा, तर समुद्रसपाटीपासून उंची किती? उत्तर ७,७३०. हे तुझ्या हाताला पाठ आहे. पेपरात क्यूएनएच १०२३ केलं की उत्तर ८,२७० होतं, पण पर्यायांत ७,७३० ही ठेवलेलं असतं आणि हात सवयीने तिकडे जातो. यावर उपाय म्हणून तू आणखी पाचशे प्रश्न सोडवशील. मी म्हणतो, एकच आडवी रेघ मार, तिला समुद्रसपाटी म्हण आणि तिच्यावर १००३ लिही. आता अल्टिमीटर १०१३ वर लावलाय, म्हणजे तो १०१३ च्या पातळीपासून उंची मोजतोय. ती पातळी कुठे? खाली जाताना दाब वाढतो, म्हणजे ती समुद्रसपाटीच्याही खाली, २७० फुटांवर. तिथून ८,००० मोजले तर समुद्रावर उरले ७,७३०. क्यूएनएच १०२३ असेल तर तीच पातळी रेघेच्या वर जाते आणि तिथून मोजलेले ८,००० समुद्रापासून ८,२७० भरतात. ही रेघ एकदा मनात बसली की आकडे कितीही फिरवू देत.

त्याला जोडून येणारा तपमानाचा प्रश्नही याच चित्रात बसतो. थंड हवा आक्रसते, तिच्यातल्या दाबाच्या पातळ्या एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून अल्टिमीटर दाखवतो त्याहून तुम्ही खाली असता. प्रमाण हवेपेक्षा दर १० अंश थंडीला साधारण ४ टक्के. आयसा (हीच ती प्रमाण हवा) उणे २० असेल तर दाखवलेल्या ५,००० फुटांतले ४०० गायब. मी वर्गात सांगायचो, 'जास्तीतून कमीत, नजर जमिनीत.' दाब असो की तपमान, जास्तीकडून कमीकडे निघालात की जमीन वर येतेय असं समजायचं. यमक माझं आहे, हसलीस तरी चालेल.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण माझं म्हणणं तिच्यातच आहे.

पिटो-स्टॅटिकच्या, म्हणजे समोरून येणारी हवा घेणारी पिटो नळी आणि बाहेरचा स्थिर दाब घेणारं स्टॅटिक भोक यांच्या बिघाडांवर प्रश्न हमखास असतो. पिटो बंद झाला, विमान चढतंय, एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे वेग दाखवणारं यंत्र, काय दाखवेल? स्टॅटिक बंद झाला, विमान उतरतंय, तर काय? यासाठी आद्याक्षरं जुळवून केलेले मंत्र सगळे पाठ करतात. मंत्र वाईट नाहीत, पण घाईत अर्धे आठवतात, आणि अर्धा मंत्र धोक्याचा. त्यापेक्षा ते यंत्र काढ. एक हवाबंद डबा. त्याच्या आत पातळ पत्र्याची एक डबी, फुगणारी आणि आक्रसणारी. डबीत पिटोचा दाब येतो, म्हणजे स्थिर दाब अधिक वेगामुळे येणारा दाब. बाहेरच्या डब्यात फक्त स्थिर दाब. दोन्हींची वजाबाकी ती डबी फुगून करते आणि काटा तेवढा पुढे सरकतो. एवढंच यंत्र.

आता पिटोचं तोंड आणि ड्रेन होल (त्यातलं पाणी बाहेर जायचं भोक) दोन्ही बर्फाने बुजली. डबीत जो दाब अडकला तो अडकला. विमान चढायला लागलं, बाहेरच्या डब्यातला स्थिर दाब कमी होत गेला, आणि डबी फुगत गेली. काटा पुढे. म्हणजे वेग खरा वाढत नसताना वाढलेला दिसतो. उतरताना याच्या बरोब्बर उलट. प्रश्नात 'ड्रेन होल उघडं आहे' असं असेल तर सगळी कथाच बदलते. तोंड बंद आणि ड्रेन उघडं, म्हणजे डबीतला दाब त्या भोकातून निघून स्थिर दाबाइतका होतो आणि काटा शून्याकडे घसरतो. हा एक शब्द न वाचल्यामुळे किती जणांचे गुण गेलेत ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. आणि स्टॅटिक बंद असेल तर? डब्यात जुना, जास्तीचा दाब अडकलेला, चढताना डबीत येणारा दाब मात्र कमी होतोय, म्हणून काटा मागे. अल्टिमीटर होता तिथेच, व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा दर दाखवणारा काटा) शून्यावर.

हे पुस्तकी वाटत असेल तर १ डिसेंबर १९७४ चं बोइंग ७२७ आठव. नॉर्थवेस्टचं विमान, न्यू यॉर्कहून प्रवासी न घेता निघालेलं, आत फक्त तिघं वैमानिक कर्मचारी. पिटो हीटर लावलेले नव्हते. बर्फ धरलं. चढताना वेगाचा काटा वाढत गेला, अतिवेगाचा इशारा वाजायला लागला, आणि वेग कमी करायचा म्हणून त्यांनी नाक आणखी वर घेतलं. विमान थरथरलं, ते स्टॉलमुळे, म्हणजे पंखांची उचल तुटल्यामुळे. त्यांना वाटलं माक बफे, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळ गेल्यावर येणारी थरथर. वरून २४ हजारांहून जास्त फुटांवरून विमान खाली आलं, तिघंही गेले. तुझ्या प्रश्नसंचात हाच प्रश्न एका गुणाचा आहे.

तेव्हा माझी पद्धत एकच, कोरा कागद. रात्री बसायचं, पुस्तक मिटलेलं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एक विषय घ्यायचा आणि तो कागदावर चित्रासकट, मोठ्याने बोलत, एखाद्या नवख्या मुलाला समजावल्यासारखा मांडायचा. जिथे तोंडातून 'म्हणजे ते असं असतं की...' असं निघेल आणि पुढे काहीच निघणार नाही, तिथे तुला ते येत नाही. तिथे लाल पेनाने फुली. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त त्या फुल्या वाचायच्या. प्रश्नसंच या कामात शेवटी येतो, आपण शिकलो की नाही ते तपासायला. शिकवण्याचं काम तो करत नाही. तुझ्याकडे आहे तो जुनाच पुरे. आणि एक सांगतो, बाजारातल्या संचांमधली काही 'बरोबर' उत्तरं सरळ चुकलेली असतात. पाठ करणाऱ्याला ती चूकही पाठ होते.

आता विषय कुठला आधी. तू एअर लॉने सुरुवात करशील, कारण तो वाचायला सोपा आणि संपल्यासारखा वाटतो. तसं करू नकोस. कायदा, चिन्हं, दिवे, ट्रान्सपाँडरचे ७५००, ७६००, ७७०० हे आणीबाणीचे संकेतांक, हे सगळं शेवटच्या दहा दिवसांत बसतं, कारण ते निव्वळ पाठांतर आहे आणि आधी केलं तर तोवर उडून जातं. सुरुवात अशा ठिकाणी कर जिथे दोनशे तासांच्या पायलटचा अनुभव उपयोगी पडत नाही, म्हणजे जेट विमान. तू पिस्टन इंजिनाच्या सरळ पंखांच्या विमानावर शिकलीस. कंपनी तुला मागे झुकलेल्या पंखांच्या विमानावर घेणार. असा पंख टोकाकडून आधी का स्टॉल होतो, तसं झालं की नाक आपोआप वर का जातं, डच रोल म्हणजे काय आणि त्यासाठी यॉ डँपर का लागतो, उंच गेल्यावर स्टॉलचा वेग आणि माकची मर्यादा जवळजवळ का येतात. हे सगळं कोऱ्या कागदावर. यात तीन-चार रात्री गेल्या तर गेल्या.

मग परफॉर्मन्स. इथे सगळे व्हीवनपाशी, म्हणजे उड्डाणासाठी धावताना थांबायचं की उडायचं हे ज्यावर ठरतं त्या वेगापाशी अडखळतात. व्हीवन म्हणजे 'निर्णय घ्यायचा वेग' असं पाठ केलं की घोळ होतो. व्हीवनपर्यंत निर्णय होऊन थांबण्याची पहिली कृती सुरू झालेली असली पाहिजे. त्या वेगाला पोचल्यावर विचार करायला लागलीस तर उशीर झाला. एवढं कळलं की 'ओल्या धावपट्टीवर व्हीवन कमी का करतात' हा प्रश्न आपोआप सुटतो. ब्रेक नीट लागणार नाहीत, थांबायला जास्त अंतर लागेल, म्हणून थांबायचं तर लवकर थांबायला सुरुवात हवी. त्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते. लवकरच्या वेगाला इंजिन गेलं आणि उड्डाण चालू ठेवलं तर विमान धावपट्टीच्या टोकाला कमी उंचीवर असतं, म्हणून कोरड्या धावपट्टीला ३५ फुटांची जी अट, ती ओल्या धावपट्टीला १५ फुटांवर आणलेली आहे. हे दोन आकडे सुटे पाठ करणारा परीक्षेत ते उलटे लिहितो, हे मी पाहिलंय.

हायड्रोप्लेनिंगचं, म्हणजे टायर धावपट्टीवरच्या पाण्यावर तरंगू लागण्याच्या वेगाचं सूत्रही तसंच. टायरच्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. १४४ पीएसआय असेल तर १२ गुणिले ९, म्हणजे १०८. फिरत नसलेल्या चाकाला ९ ऐवजी ७.७. ठीक. पण विमानाचं वजन वाढलं तर काय, असं विचारलं की वर्ग शांत. सूत्रात वजन नाहीच. वजन वाढलं की टायर जमिनीवर जास्त पसरतो, पाण्यावर पडणारा दाब जवळपास तोच राहतो. आणि वर्गमूळ का? पाणी टायरला उचलतं ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दाब चौपट केला तरी वेग दुप्पटच होतो. हा 'का' विचारायची खोड लावून घे.

आकडेमोड रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून, कॅल्क्युलेटर न घेता. अनेक ठिकाणी तो देत नाहीत, आणि दिला तरी बटणं दाबण्यात वेळ जातो. चार-पाच ठोकताळे हातात खेळले पाहिजेत. वारा धावपट्टीला ३० अंशांवर असेल तर आडवा वारा निम्मा, ४५ ला सुमारे सात दशांश, ६० ला जवळजवळ नऊ दशांश. धावपट्टी २७ (म्हणजे दिशा २७० अंश), वारा २४० वरून ३० नॉट, तर आडवा १५. सांगायला दोन सेकंद. साठात एक हा नियम: ४० नॉटिकल मैलांत २ मैल भरकटलीस म्हणजे ३ अंश चूक, पुढे ६० मैल उरलेत म्हणजे आणखी २ अंश, एकूण ५ अंश वळ. उतरायला हजारांमागे तीन मैल: ३५,००० वरून ३,००० वर यायचं तर ३२ त्रिक ९६ मैल आधी सुरुवात. तीन अंशांच्या उतारावर दर मिनिटाला किती फूट, तर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या मानाने वेग) गुणिले पाच, १४० नॉटला ७००. हे गुणाकार शाळेतल्या पाढ्यांवर चालतात. ज्याचे पाढे पक्के त्याला पाच मिनिटं जास्त मिळतात.

आणि एककं. प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचं एकक लिहायचं, कच्च्या कागदावरसुद्धा. कंटाळा आला तर २३ जुलै १९८३ चं एअर कॅनडाचं बोइंग ७६७ आठव. इंधनाचे मापक चालत नव्हते, म्हणून टाकीत काठी घालून मोजलं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं आणि लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला त्यांनी १.७७ ने गुणलं. पण १.७७ हे एका लिटरचे पौंड आहेत. किलो होतात ०.८ च्या आसपास. कागदावर हिशोब चोख जुळला, जवळपास वीस हजार लिटर भरायचं होतं तिथे पाच हजारांहूनही कमी भरलं, आणि ४१,००० फुटांवर इंधनाचा इशारा वाजला, मग एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई पट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. गुणाकार चुकला नव्हता बरं का, आकड्याशेजारचा शब्द चुकला होता.

तू तासांचं विचारलंस. रोज पाच तास खरे, डोकं जागं असलेले. बारा तास बसल्याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. त्यातले सात तास पानं उलटण्यात जातात. पहिल्या आठवड्यात एकही बहुपर्यायी प्रश्न सोडवायचा नाही, फक्त कोरा कागद. तुला अस्वस्थ वाटेल, 'माझी प्रॅक्टिस बुडतेय' असं होईल. होऊ दे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसा कागद, संध्याकाळी त्या विषयाचे तीसच प्रश्न. आणि त्या तीसांत बरोबर आलेल्या उत्तरालाही 'बाकीचे तीन का नाहीत' हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो प्रश्न चुकला असं धरायचं. चौथ्या आठवड्यात पूर्ण लांबीचे पेपर, वेळ लावून, परीक्षेच्याच वेळेला. पाचव्यात नवीन काही नाही. लाल फुल्यांची वही आणि एअर लॉ. आदल्या रात्री झोप. ह्यूमन परफॉर्मन्समध्ये झोपेच्या कमतरतेवर पानं पाठ करून रात्रभर जागणारे उमेदवार मला नेहमी गमतीशीर वाटत आलेत.

बोलावण्याचं पत्र पुन्हा वाच, दोनदा वाच. किती प्रश्न, किती वेळ, चुकीला गुण कापतात का. हे कंपनीगणिक वेगळं असतं आणि सगळे मित्रांकडून ऐकून जातात. गुण कापत नसतील तर एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कापत असतील तर किती, त्यावर खेळ ठरतो. चार पर्याय आहेत, चुकीला पाव गुण जातो, तर डोळे मिटून मारलेला तुक्कासुद्धा सरासरीत किंचित फायद्याचा. एक तृतीयांश जात असेल तर ना नफा ना तोटा. अर्धा जात असेल तर तोटा, आणि एक पर्याय खोडता आला तरी जेमतेम बरोबरी. दोन खोडता आले तर मात्र बेधडक उत्तर दे. हे घरीच ठरवून जा. आत गेल्यावर धीर ठरवतो, आणि तो तिथे भलतंच ठरवतो.

संगणकावरच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. जॉयस्टिकने ठिपका पकडत असतानाच कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे, असले प्रकार असतात. त्यांची सवय होते, आठ-दहा दिवस रोज थोडा सराव केला की पुरतं. त्यात सगळ्यांच्याच चुका होतात. एक चूक झाली म्हणून पुढच्या तीन करणारा माणूस त्यांना नको असतो. स्वभावाच्या प्रश्नावलीत शहाणपणा करू नकोस. तोच प्रश्न चाळीस प्रश्नांनी फिरवून पुन्हा येतो आणि रंगवलेला माणूस तिथे पकडला जातो. इंग्रजीचं फारसं मनावर घेऊ नकोस. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) चौथ्या पातळीचं इंग्रजी तुझ्या लायसन्सवर असणारच. व्याकरण एकदा नजरेखालून घातलंस तरी चालेल.

आता रकाना. खरं लिही. 'हो, दिली होती, लेखी फेरीत पात्र ठरले नाही.' बस, एवढंच, खुलासे नकोत. मुलाखतीत विचारतील, तेव्हा सांग की उत्तरं पाठ होती आणि समज कच्ची होती, मग अभ्यासाची पद्धत बदलली. मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसलोय. नापास झालेला उमेदवार मला कधी खटकला नाही. जो आपली चूक नेमकी सांगू शकतो तो उद्या कॉकपिटमध्ये 'सर, आपण चुकीच्या उंचीवर आहोत' असंही सांगेल, असं मला वाटायचं. रकान्यात खोटं लिहिलेलं सापडलं तर मात्र मी पुढे ऐकूनच घेत नसे. ज्या कामात प्रत्येक जण टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, खरं लिहील या भरवशावर दुसरा माणूस विमान उडवतो, तिथे ही सुरुवात चालत नाही.

घरचं. 'निकाल रखडलाय' हे तू एक वर्ष सांभाळते आहेस, म्हणजे रोज थोडी ताकद तिकडे खर्च होतेय आणि ती तुला पाच आठवडे इकडे हवी आहे. या रविवारी सांगून टाक. जेवढं मला लिहिलंस तेवढंच, ९२ आणि ६१ या आकड्यांसकट. थोडं बोलून घेतील. वडील कदाचित दोन दिवस गप्प बसतील. पण परीक्षेच्या सकाळी घरातून निघताना डोक्यात पेपर असेल, मागच्या वर्षीची थाप नसेल. यात मी तुला पर्याय देत नाही.

आणि गंजाचं म्हणशील तर अडीच वर्षं विमानाबाहेर राहिल्याचा गंज लेखी परीक्षेत दिसत नाही, सिम्युलेटरच्या फेरीत दिसतो. लेखी निघाली की त्याचं बघू, तेव्हा पुन्हा लिही.

ता. क. गणित पाहिलं. अंतर १,२०० मैल, विमानाचा वेग ४५०, जाताना ५० नॉट समोरून वारा, पॉइंट ऑफ इक्वल टाइम कुठे? तुझं उत्तर ५३३. चुकलंय, आणि ते चुकलंय हे सूत्राकडे न बघता कळायला हवं होतं. जाताना वारा समोरून आहे, म्हणजे पुढे जाणं हळू आणि परतणं वेगात. मग दोन्हीकडे सारखा वेळ लागणारा बिंदू मध्याच्या, म्हणजे ६०० च्या पुढेच असणार. तुझा अलीकडे आलाय. अपूर्णांकाच्या वरच्या भागात तू जातानाचा ४०० घेतलास, तिथे परतीचा ५०० हवा. १,२०० गुणिले ५००, भागिले ९००, म्हणजे ६६७. आता पडताळा घे: पुढचे ५३३ मैल ४०० ने, मागचे ६६७ मैल ५०० ने. दोन्हीकडे ८० मिनिटं.